नवख्या योद्ध्याचें चिलखत

सारीपाटांत मारली गेलेली सोंगटी पुन्हां पटावर येते. भूमिकांच्या खेळांत, म्हणजे इंग्रजींत ज्यांना रोलप्लेइंग गेम्स म्हणतात त्यांत, निदान प्रारंभींच्या अवस्थेंत तरी गेलेला गडी सहसा परत येत नाहीं. तेथें सोंगटीच्या जागीं एक कल्पित माणूस असतो. त्याला नांव असतें, स्वभाव असतो, आणि टेबलाशीं बसलेला खेळाडू आठवड्यामागून आठवडे त्याचें सोंग वठवीत असतो. म्हणून पहिल्याच दिवशीं योद्ध्याची भूमिका पत्करणाऱ्या नवख्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: याच्या अंगावर किती लोखंड चढवावें? कर्णाचीं कवचकुंडलें जन्मजात होतीं. येथें मात्र चिलखत विकत घ्यावें लागतें, वाहावें लागतें, आणि रात्रीं काढूनहि ठेवावें लागतें.

या खेळांचा आद्य नमुना ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते दोन. गॅरी गायगॅक्स हे विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा या लहानशा गांवीं राहणारे, आणि डेव्ह आर्नेसन हे शेजारच्या मिनेसोटांतले. दोघेहि मूळचे युद्धक्रीडांचे शौकीन. योद्ध्याला घाव लागतो कीं नाहीं हें एका आंकड्यानें ठरविण्याची पद्धत आपण आरमारी लढायांच्या खेळावरून घेतली, असें आर्नेसन सांगत. जहाजाचा पत्रा आणि माणसाचें चिलखत एकाच मापानें मोजण्याची ही कल्पना विचित्र खरी, पण ती टिकली. आरंभीं हिशेब उलटा होता. बिनचिलखती माणूस ९ वर, आणि पूर्ण पोलादी चिलखत व ढाल घेतलेला २ वर. आंकडा जितका लहान, तितकें संरक्षण मोठें. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत तो सुलटा झाला. १९७८ सालच्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळानें अगदीं निराळी वाट धरली होती. तेथें चिलखत घाव चुकवीत नाहीं, लागलेल्या घावाचा जोर कमी करतें. लोखंडाचा खरा स्वभाव तसाच असल्यामुळें न्याय रूनक्वेस्टच्या बाजूला दिसतो. पण हिशेब डन्जन्सचा सोपा, आणि नवख्याला सोपा हिशेबच बरा. पुढील आंकडे त्या खेळाच्या २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तीचे आहेत. २०२४ सालीं तिची सुधारणा झाली, तरी येथें येणाऱ्या चिलखतांचें बळ तेंच राहिलें आहे.

नियम असा. शत्रूनें वीस पैलूंचा फासा टाकावयाचा आणि पडलेल्या दानांत आपलें कौशल्य मिळवावयाचें. बेरीज योद्ध्याच्या ‘आर्मर क्लास’इतकी किंवा तीहून अधिक झाली कीं घाव लागला. या आर्मर क्लासला संरक्षणांक म्हणूं. साध्या चामड्याचें चिलखत ११ देतें आणि त्यांत अंगच्या चपळाईचे अंक मिळतात. चपळाई २ धरली तर एकूण १३. लोखंडी कड्यांचें चिलखत चपळाईची पर्वा न करतां १६ देतें. ढाल त्यांत २ ची भर घालते, म्हणजे १८. योद्ध्याला प्रारंभीं एक युद्धशैली निवडतां येते. तींतील संरक्षणाची शैली घेतली तर आणखी १, म्हणजे १९.

आतां समोर चार गॉब्लिन उभे आहेत असें समजावें. गॉब्लिन हा या खेळांतला अगदीं किरकोळ राक्षस. त्याचें कौशल्य ४, आणि त्याचा घाव सरासरीनें ५ अंकांचा. नवखा योद्धा बळकट प्रकृतीचा असला तरी त्याचें जीवबळ अवघें १२. चामडें पांघरलेल्या योद्ध्याला गॉब्लिनाचे विसांतले १२ घाव लागतात, कड्यांचें चिलखत घातलेल्याला ९, ढाल घेतलेल्याला ७, आणि १९ अंकवाल्याला ६. चौघांनीं मिळून एका फेरींत केलेली सरासरी हानि अनुक्रमें १२, ९, ७ आणि ६ भरते. (२० चें दान पडल्यास घाव अधिक खोल जातो, तें येथें धरलेलें नाहीं.) म्हणजे चामड्यांतला योद्धा सरासरीनें पहिल्याच फेरींत कोसळतो आणि १९ अंकवाला दोन फेऱ्या तग धरतो. आणखीहि एक गोष्ट या आंकड्यांत दडलेली आहे. अंक १३ वरून १४ केला तर बारा घावांतला एक टळतो. १८ वरून १९ केला तर सातांतला एक टळतो. अखेरचा अंक पहिल्यापेक्षां मोलाचा ठरतो. चिलखताचा मोह येथूनच सुरू होतो, आणि तो अगदींच खोटा नाहीं.

पण या गणितांत एक गृहीत धरलेलें आहे, तें हें कीं चारहि गॉब्लिन योद्ध्यावरच तुटून पडतील. त्यांनीं तसें कां करावें? ज्याला घाव लागत नाहीं आणि ज्याचा घाव फारसा बाधत नाहीं, त्याच्यापाशीं वेळ घालविण्याइतके गॉब्लिन मूर्ख नसतात. ते बगल देऊन मागें उभ्या असलेल्या जादूगाराकडे धांवतात. जवळून निसटणाऱ्या शत्रूवर योद्ध्याला एका फेरींत एकच घाव घालतां येतो, आणि गॉब्लिनांना सहीसलामत निसटण्याची खास हातोटी असल्यामुळें तो एकहि बहुधा मिळत नाहीं. साधे कपडे घातलेल्या जादूगाराचा संरक्षणांक १२ च्या आसपास आणि जीवबळ ७ धरावें. तिघे गॉब्लिन त्याच्यावर आले तर त्याची सरासरी हानि पावणेदहा होते. तो पडतो, आणि १९ अंकांचा योद्धा त्याच्या शेजारीं धडधाकट उभा राहतो! असें संरक्षण कोणाच्या कामाचें?

याकरितां चिलखताबरोबरच शस्त्राचाहि हिशेब मांडावा लागतो. गॉब्लिनाचा संरक्षणांक १५ आणि जीवबळ ७. योद्ध्याचें बळ ३ व कौशल्य २ धरलें, तर त्याचे शंभरांतले ५५ घाव लागतात. दोन्हीं हातांनीं धरावयाची मोठी तलवार असली तर शंभर वारांत सुमारें ५० गॉब्लिन एकेका वारांत मरतात; पण ढाल गेली, अंक १६ वर आला. ढाल आणि एकहाती तलवार घेऊन संरक्षणाची शैली निवडली तर अंक १९ होतो, पण एका वारांत मरणारे गॉब्लिन ३४ च. तिसरा मार्ग नवख्याच्या लक्षांत सहसा येत नाहीं. ढाल ठेवावी, पण शैली संरक्षणाची न घेतां एकहाती शस्त्राची घ्यावी. तिनें प्रत्येक घावांत २ अंकांची भर पडते. संरक्षणांक १८ राहतो आणि मरणारे गॉब्लिन ४८ होतात. एका अंकाच्या मोबदल्यांत मारण्याची शक्ति जवळजवळ दीडपट होते. पहिल्या पायरीवरील योद्ध्याला हाच सौदा बहुतेक वेळां किफायतशीर पडतो, कारण मेलेला गॉब्लिन योद्ध्यालाहि मारीत नाहीं आणि जादूगारालाहि. पुढें राक्षसांचें जीवबळ वाढलें कीं हा हिशेब बदलतो. मोठ्या तलवारीचें महत्त्व तेव्हां वाढतें, आणि तेव्हां ढाल टाकणारा योद्धा वेडा ठरत नाहीं.

उभें कोठें राहावें यालाहि मोल आहे, आणि त्याला एक नाणेंहि पडत नाहीं. अरुंद दारांत उभा राहिलेला १६ अंकांचा योद्धा मोकळ्या मैदानांतील १९ अंकवाल्यापेक्षां सोबत्यांना अधिक उपयोगी पडतो, कारण तेथें शत्रूला बगल देतां येत नाहीं. दारें पाहून लढणारा खेळाडू नवखा फार दिवस राहत नाहीं.

कांहीं संकटें चिलखताला जुमानतच नाहींत. अग्निगोलाचा मंत्र समोरच्याच्या चपळाईची परीक्षा घेतो. भीति घालणारे आणि मन ताब्यांत घेणारे मंत्र त्याच्या मनोधैर्याची. तेथें १९ अंकांचा कांहींएक उपयोग नाहीं. म्हणून सारे चांगले गुणांक बळ आणि प्रकृति यांतच ओतून मनाचे अंक तळाला ठेवणें हा कंजूषपणा पुढें महागांत पडतो. चिलखताच्या स्वतःच्याहि अटी आहेत. कड्यांचें चिलखत ७५ सुवर्णनाण्यांचें आणि ५५ पौंड वजनाचें. बळाचा गुणांक १३ नसला तर तें घालणाऱ्याची चाल दर फेरीस दहा फुटांनीं घटते. तें घालून लपतछपत जावयाचें तर दोनदां फासा टाकून त्यांतलें लहान दान घ्यावें लागतें. टोळींतले चौघे मांजराच्या पावलांनीं चालले असतां पांचवा भांड्यांच्या पाटीसारखा वाजत गेला, तर पहारेकरी कोणामुळें जागे झाले हें विचारावयास नको. अशा टोळींतल्या योद्ध्यानें ४५ नाण्यांचें खिळे ठोकलेल्या चामड्याचें चिलखत घ्यावें. चपळाई चांगली असेल तर त्याचा अंक १५ पर्यंत पोंचतो आणि तें वाजत नाहीं.

एक गोष्ट सूत्रधाराकडे, म्हणजे खेळ चालविणाऱ्याकडे, लागते. योद्धा घायाळ होत नाहीं म्हणून त्यानें राक्षसांचें कौशल्य वाढविलें, तर तें वाढलेलें कौशल्य योद्ध्याइतकेंच बाकीच्यांनाहि लागतें. एकाच्या चिलखताचा दंड साऱ्या टोळीनें भरावयाचा, असा प्रकार होतो. शहाणा सूत्रधार तसें करीत नाहीं. तो कांहीं शत्रू योद्ध्याच्या ढालीवर आपटूं देतो, कारण ढाल विकत घेणाऱ्याला तिचा आवाज ऐकण्याचा हक्क आहे.

राहतां राहिली रात्र. जड चिलखत चढवावयास दहा मिनिटें लागतात आणि उतरवावयास पांच. सहा सेकंदांची एक फेरी धरली तर दहा मिनिटांच्या १०० फेऱ्या होतात, आणि इतका वेळ कोणतीहि लढाई चालत नाहीं. चिलखत घालूनच निजावें म्हटलें, तर २०१७ सालीं निघालेल्या पुरवणी ग्रंथांतील एका ऐच्छिक नियमाप्रमाणें विश्रांति अपुरी पडते. ढाल मात्र एका फेरींतल्या एका कृतीनें हातीं चढते. म्हणून योद्धा निजतांना चिलखत पायथ्याशीं ठेवतो, ढाल उशाशीं ठेवतो, आणि पहाऱ्याची पहिली पाळी मागून घेतो. त्या पाळींत चिलखत अजून अंगावरच असतें.