शेजारधर्माची पाळी
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या ख्रिस्तमंदिराच्या पन्नास वर्षांच्या इतिहासाविषयीं माझ्या अगोदरच्या वक्त्यांनीं पुष्कळ सांगितलें आहे. ज्यांनीं हें मंदिर उभारतांना डोक्यावरून रेतीच्या पाट्या वाहिल्या, त्यांपैकीं कित्येक आज हयात असूनही या मंडपापर्यंत चालत येऊं शकले नाहींत. त्यांच्याविषयीं चार शब्द बोलावे, अशी माझी इच्छा आहे.

सन २०११ च्या खानेसुमारींत आपल्या देशांत साठ वर्षांवरील माणसें दहा कोटींहून अधिक आढळलीं. एवढा मोठा आंकडा ऐकून मनास कांहींच वाटत नाहीं. म्हणून आपण आपल्या वसईच्याच एखाद्या आळींतून चालत जाऊं. थोरला मुलगा आखातांत, मुलगी कॅनडांत, धाकटा मुंबईस. आणि घरीं दोन म्हातारे जीव. त्यांतला एक गेला म्हणजे एकच. मुलें पैसे धाडतात, रात्रीं फोनवर तोंडही दाखवितात. त्यांस मी दोष देत नाहीं. परंतु न्हाणींत पडलेल्या आईस उठविण्यास कॅनडाहून हात पोंचत नाहीं. अशा रीतीनें आमच्या कित्येक आळ्या वृद्धाश्रमच झाल्या आहेत; फक्त पाटी लागलेली नाहीं, व सेवकही कोणी नेमलेले नाहींत.

कांहीं वर्षांपूर्वीं मजकडून जी चूक घडली, ती येथें सांगणें मी कर्तव्य समजतों. माझ्या त्या वेळच्या धर्मग्रामांत एक विधवा आजी दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं घरींच पवित्र कम्युनियन घेत असत. पावसाळ्यांतील एका शुक्रवारीं मी त्यांच्या दारीं गेलों, तों दार आंतून बंद. दोन हांका मारल्या. उत्तर आलें नाहीं. पुढें आणखी आजारी माणसें माझी वाट पाहत होतीं. आजी निजल्या असतील, असा माझ्या सोयीचा तर्क करून मी निघालों. समोरच्या घरच्या बाईंनीं खिडकी बंद असल्याचें पाहिलें होतें. दूधवाल्यानें कालची पिशवी कडीला तशीच पाहिली होती. प्रत्येकास वाटलें, दुसऱ्या कोणीं चौकशी केली असेल. शनिवारीं दुपारीं दार फोडलें, तेव्हां आजी न्हाणींत खुब्याचें हाड मोडून पडलेल्या आढळल्या. शुद्धीवर होत्या. मला पाहून एवढेंच म्हणाल्या, “फादर, तुमची हांक मीं ऐकली, माझाच आवाज पोंचला नाहीं.” सहा आठवड्यांनीं त्यांचा अंत्यविधि मींच केला.

बंधुभगिनींनो, त्या आळींत दुष्ट मनुष्य एकही नव्हता. सर्वांच्या मनांत दया होती. परंतु कोणाचीही पाळी नव्हती. जें काम सर्वांचें, तें कोणाचेंच नव्हे. दया मनांत केव्हां तरी उत्पन्न होते. पाळी मात्र ठरल्या दिवशीं येते.

त्यानंतर तेथील सात घरांनीं आठवड्याचे सात वार वाटून घेतले. म्हाताऱ्या माणसानें सकाळीं आठाच्या आंत पुढची खिडकी उघडावी. न उघडल्यास त्या दिवशींच्या पाळीवाल्यानें दार ठोठवावें. बाहेरूनही उघडेल असें कुलूप बसवून एक किल्ली शेजारीं ठेवावी. औषधांची यादी व डॉक्टरांचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. न्हाणींत धरावयास दांडी व रात्रीं लहानसा दिवा असावा. कोणी पडल्यास हिसका देऊन उठवूं नये. पाय हलवितां येत नसल्यास तसेंच राहूं देऊन १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. पेन्शनवाल्यांस नोव्हेंबरांत हयातीच्या दाखल्यासाठीं बँकेंत न्यावें. परंतु पासबुक व फोनवर येणारा गुप्त आंकडा शेजाऱ्यानें आपल्या हातीं घेऊं नये. प्रेमाच्या कामांत संशयास जागा नसावी.

हें सर्व फार लहान वाटेल. परंतु मोठीं कार्यें अशींच सुरू झालीं आहेत. सन १८३९ च्या हिवाळ्यांत फ्रान्स देशांतील सेंट सर्व्हान गांवीं झान झुगां नांवाच्या एका गरीब मोलकरणीनें एका आंधळ्या, पंगु विधवेस आपल्या घरीं आणलें व आपला बिछाना तिला दिला. तिच्याजवळ द्रव्य नव्हतें, संस्था नव्हती. एक खाट होती. पुढें हातीं टोपली घेऊन ती म्हाताऱ्यांसाठीं दारोदार फिरली. लिट्ल सिस्टर्स ऑफ दि पुअर हा संघ त्यांतूनच निघाला, व सन २००९ मध्यें पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं तिला संतपद दिलें.

आणखी एक गोष्ट. वृद्धांस केवळ घेणारे करूं नका. त्याच आळींत एक निवृत्त शिक्षक होते. “मला कोणाचे उपकार नकोत,” म्हणून त्यांनीं डबा परत पाठविला. पुढें आम्हीं त्यांस विनंति केली कीं, गुरुजी, किल्ल्यांची व पाळीची वही आपण सांभाळा. त्या दिवसापासून ते सकाळीं सर्वांच्या अगोदर खिडकी उघडूं लागले, व डबाही घेऊं लागले. कारण आतां तो उपकार राहिला नव्हता. देवाणघेवाण झाली होती.

पोप फ्रान्सिस यांनीं सन २०२१ पासून जुलै महिन्याचा चौथा रविवार आजीआजोबा व वृद्ध यांचा दिवस म्हणून नेमून दिला. तो दिवस आपण पाळतों, फुलें देतों, हें उत्तमच. परंतु वर्षाचे उरलेले दिवस कोणाचे?

महोत्सवाची देणगी म्हणून मी आपणांकडे पैसा मागत नाहीं. येत्या रविवारीं मिस्सानंतर एक वही मांडलेली असेल. तींत प्रत्येक घरानें आपल्या आळींतील एका एकट्या वृद्धाचें नांव, व त्यापुढें आपला वार लिहावा. पहिल्या पानावर माझें नांव व शुक्रवार हा वार मीं आधींच लिहून ठेविला आहे. दार बंद आढळल्यास आतां मी पुढें जाणार नाहीं.