हिवाळ्यात ज्युनिपर तपकिरी पडतो तेव्हा

आज आपण बोलणार आहोत ज्युनिपरच्या बोन्सायबद्दल. आमच्या बागप्रेमी गटातल्या बऱ्याच जणींच्या लेकीसुना थंड मुलखात राहतात, कुणाची न्यू जर्सीत, कुणाची टोरांटोत. डिसेंबर लागला की तिकडून झाडाचा फोटो येतो आणि खाली प्रश्न असतो, "आई, झाड तपकिरी पडलं. मेलं का? घरात घेऊ का?"

आम्ही सांगतो, घाई करू नकोस. आधी झाड नीट बघ.

ज्युनिपर सदाहरित आहे, पण त्याचा हिरवा रंग बाराही महिने सारखा नसतो. कडक थंडीत पानांचं अन्न तयार करण्याचं काम मंदावतं. ऊन मात्र पडतच राहतं. वापरता न येणारा हा उजेड पानाला इजा करतो. म्हणून अनेक ज्युनिपर पानांतला हिरवा रंग कमी करून तांबूस रंगद्रव्य साठवतात. थंडीत आपण शाल ओढून बसतो ना, तसंच हे.

हा रंग ओळखायचा कसा? तो उन्हाच्या बाजूच्या, वरच्या पानांवर जास्त दिसतो. आतली, सावलीतली पानं हिरवी राहतात. छटा पितळी किंवा जांभळट असते आणि पान बोटांना लवचिक लागतं. वसंतात ऊब आली की झाड हळूहळू पुन्हा हिरवं होतं. तोवर खत देऊ नका, पानं छाटू नका.

मेलेलं पान वेगळं दिसतं. ते राखाडी किंवा पिवळट, कोरडं असतं आणि हात लावताच मोडतं. शंका आली तर बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर ती फांदी जिवंत आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मुळं मेली तरी ज्युनिपरची पानं कित्येक आठवडे हिरवी दिसतात. काळजीपोटी झाड हीटरच्या खोलीत आणलं, तर तिथे उजेड कमी, हवा कोरडी आणि झाडाला लागणारी हिवाळी विश्रांती नाही. सुरुवातीला ते हिरवंच दिसतं, सगळ्यांना वाटतं वाचलं, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. ज्युनिपर हे घराबाहेरचंच झाड. जपानमध्ये ओमिया इथे १९२५ साली वसलेलं बोन्सायचं गाव आहे. तिथेही ही झाडं उघड्या अंगणातच वाढवतात.

मग थंडीत काहीच करायचं नाही का? करायचं. जमिनीतल्या मुळांपेक्षा कुंडीतली मुळं लवकर गारठतात. शिवाय माती गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि वारा व ऊन पानं सुकवत राहतात. म्हणून कुंडी कट्ट्यावरून उतरवून जमिनीवर, भिंतीच्या आडोशाला ठेवा. भोवती पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा रचा. माती गोठलेली नसेल त्या दिवशी बोट घालून ओल पाहा; कोरडी वाटली तरच पाणी द्या. भेट मिळालेल्या कुंडीत कधी कधी वरचे खडे डिंकाने चिकटवलेले असतात. ते काढा, नाहीतर पाणी आत मुरतच नाही.

आता आपल्याकडचं. पुण्यामुंबईच्या सौम्य थंडीत असा रंग सहसा चढत नाही. इथे ज्युनिपर तपकिरी पडला तर थंडीला दोष देऊ नका. साचलेलं पाणी, पाण्याची ओढ किंवा लाल कोळी आहे का ते तपासा. फांदीखाली पांढरा कागद धरून हलकेच झटका. कागदावर बारीक ठिपके चालू लागले, तर ते कोळीच.

तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री लेकीचा फोन आला तर तिला सांगा, झाड बाहेरच राहू दे, वाऱ्यापासून जप आणि मार्चएप्रिलपर्यंत धीर धर.