अर्जातील एक रकाना
(देऊळगाव राजा येथील पालक-मेळाव्यात दिलेले भाषण)



तालीमविषयी आपण नेहमीच बोलतो. आज मी नोकरीच्या अर्जातील एका लहानशा रकान्याविषयी बोलणार आहे. "आपणांविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? शिक्षा झाली आहे काय?" हा तो रकाना. आपली मुले उद्या शिक्षक होतील, कोणी शाळेचा शिपाई, कोणी गाडीचा चालक, कोणी वसतिगृहाचा अधीक्षक होईल. या प्रश्नाचे उत्तर त्यांना कधी ना कधी द्यावे लागेल.

अशा वेळी घरातलेच कोणी सांगते, "नाही म्हणून लिही, कोण पाहतो?" झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. परंतु जेथे दुसऱ्याचे मूल आपल्या स्वाधीन होते, तेथे ही म्हण चालत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातील दोन मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले. आरोप होता तो नुकत्याच कंत्राटावर लागलेल्या सफाई कामगारावर. त्यानंतर शासनाने शाळांना कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीविषयी पुन्हा बजावले. वास्तविक नियम आधीपासूनच होता. पॉक्सो कायदा २०१२ चा, त्याचे नवे नियम २०२० चे. शाळा असो वा पाळणाघर, कर्मचारी शिकविणारा असो वा नसो, कायम असो वा कंत्राटी, त्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करणे संस्थेवर बंधनकारक आहे.

मग खरे लिहिले तर नोकरी गेलीच, असे समजावे काय? तसे नाही. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये याचा सविस्तर विचार केला. माहिती खरीच द्यावी, लपवू नये, हे पहिले सूत्र. खरे सांगितले तरी नेमणूक द्यावीच, अशी सक्ती मालकावर नाही. मात्र गुन्ह्याचे स्वरूप व उमेदवाराचे वय पाहून निर्णय व्हावा. तरुणपणी घोषणा दिल्याचा किरकोळ खटला आणि गंभीर गुन्हा एका तराजूत तोलू नयेत. जे विचारलेच नाही, ते न सांगितल्याबद्दल लपविल्याचा ठपका ठेवता येत नाही.

म्हणून प्रश्न नीट वाचा. दाखल गुन्हा विचारला असेल, तर निर्दोष सुटलेला खटलाही लिहावा लागतो. पोलीस ठाणे, वर्ष आणि निकाल स्पष्ट लिहा. निकालाची प्रत जोडा. जुना गुन्हा किरकोळ असेलही, पण आजची खोटी सही आजचीच असते.

विद्यार्थी मित्रहो, अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून काही घडले, तर बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार तो डाग त्याला जन्मभर अपात्र करीत नाही. प्रकरण निकाली निघाले असल्यास चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करावयाची नाही. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरील ज्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालला त्याचा.

परंतु ज्याने मुलाला इजा केली, त्याने मुलांमध्ये काम मागूच नये. उपजीविकेच्या वाटा अनेक आहेत. तौबा त्याची स्वतःची. मुलाची सुरक्षितता ही आपली अमानत आहे.

संस्थाचालकांनाही नम्र विनंती. पडताळणी सर्वांची करा. अध्यक्षांच्या भाच्याचीही करा. खरे सांगणाऱ्याची माहिती गावभर करू नका, नाहीतर पुढचा उमेदवार गप्प राहील. आणि पोलिसांच्या दप्तरात नोंद नाही म्हणून माणूस निर्धोक आहे, असेही समजू नका. दाखला घेतल्यावरही डोळे उघडे ठेवावेच लागतात.

पालकहो, आपल्या मुलाला शाळेत सोडताना तेथील प्रत्येक माणसाने आपला रकाना खरा भरलेला असावा, असे आपल्याला वाटते. मग आपला मुलगा अर्ज भरायला बसेल, तेव्हा त्याला हेच सांगा.