मागच्या आसाची टक्‌टक्

मोटारीच्या मागच्या बाजूने येणारी ‘टक्, टक्’ ही मोठी फसवी असते. डाव्या चाकाशी आवाज होतो म्हणून मालक शपथेवर सांगतो आणि दोष उजवीकडे सापडतो. याला कारण आहे. मागचा आस म्हणजे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत गेलेली लोखंडाची एकसंध पोकळ नळी, आणि तिच्या मध्यभागी डिफरन्शियलचा फुगीर डबा. या नळीच्या एका टोकावर नुसते नख वाजवले तरी ते दुसऱ्या टोकाला ऐकू जाते. त्यात वर रिकामी डिकी असते. ती नगाऱ्याचे काम करते. तेव्हा कानाने दिलेल्या साक्षीवर एकदम विसंबून पाना हाती घेणे हे पुष्कळदा नुकसानीचे ठरते.

हा विषय जुन्या मोटारींपुरता आहे असेही कोणी समजू नये. ॲम्बॅसडरचे उत्पादन उत्तरपाडा येथील कारखान्यात २०१४ साली थांबले. तरी घरोघरी जपून ठेवलेल्या ॲम्बॅसडर आजही रस्त्यावर दिसतात. शिवाय बोलेरोसारख्या गाड्या किंवा मारुती ईको यांची शक्ती मागच्याच चाकांना जाते. ज्या लहान मोटारींची पुढची चाके ओढतात, त्यांचा मागचा आस केवळ भार वाहतो. तेथे वळणावर होणारी टक्‌टक् बहुधा पुढच्या चाकाच्या सांध्याची असते. त्यांची गोष्ट निराळी.

बेळगावातील एका कुटुंबाकडे वडिलांच्या हातची अशीच एक ॲम्बॅसडर आहे. ३ डिसेंबरला जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त असते. त्यासाठी चोर्ला घाटाने गोव्यास जावे, आणि पाय चालत नसलेल्या आजींनाही बरोबर न्यावे, असा घरात बेत ठरला. मागच्या आसनावर आजीच बसत. म्हणून टक्‌टक् प्रथम त्यांनीच ऐकली. गाडी चालवणाऱ्या नातवाला ती पुढे ऐकूच येईना. त्याने आधी हसून सोडून दिले, मग एका कारखान्यात गाडी नेली. तेथे पाच मिनिटे कान लावून ‘डिफरन्शियल गेले’ असा निकाल झाला. डबा उघडला गेला, बेअरिंगे बदलली गेली, बिलही तसेच मोठे झाले. गाडी घरी आली ती टक्‌टक् घेऊनच. शिवाय आता तिच्या जोडीला घूं-घूं असा एक नवा सूर लागला होता. फेस्ताला नऊ दिवस उरले होते. आजींना न नेता बसने जाऊन यावे, असे घरात बोलले जाऊ लागले.

पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी आसाची रचना ध्यानात घ्यावी लागेल. गिअरबॉक्समधून निघालेला प्रोपेलर शाफ्ट नावाचा लांब दांडा गाडीच्या पोटाखालून मागे जातो. त्याच्या दोन्ही टोकांना ‘क्रॉस’ म्हणून ओळखले जाणारे अधिक-चिन्हाच्या आकाराचे सांधे असतात. खड्ड्यात आस वरखाली होतो तेव्हा दांड्याला वाकता यावे, म्हणून हे सांधे. पुढे डिफरन्शियलमध्ये लहान पिनियन मोठ्या क्राऊन चक्राला फिरवते आणि तेथून दोन्ही बाजूंचे शाफ्ट चाकांना फिरवतात. पिनियन लहान व क्राऊन मोठे असल्याने चाक एक फेरा घेते तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट सुमारे साडेचार फेरे घेतो. रोगनिदानाची सारी किल्ली या साडेचाराच्या आकड्यात आहे. आवाज चाकाच्या एका फेऱ्याला एकदा होत असेल, तर दोष चाक, ब्रेक-ड्रम, बाजूचा शाफ्ट किंवा क्राऊन चक्र यांत शोधावा. एका फेऱ्याला चार-पाचदा होत असेल, तर तो प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस किंवा पिनियन यांत असण्याचा संभव अधिक. आणि आवाजाचा चाकाच्या फेऱ्यांशी काही मेळच बसत नसेल, खड्डा आला की तो होत असेल, तर कमानपाट्याचा मधला बोल्ट, यू-बोल्ट आणि बुश यांकडे पाहावे.

अर्थात मोजण्याच्याही आधी काही साध्या गोष्टी पाहून घ्याव्यात. टायरच्या नक्षीत रुतलेला खडा रस्त्यावर आपटून अगदी हुबेहूब टक्‌टक् करतो; चाकाच्या झाकणात एखादा नट वा खडा पडलेला असतो; अशा क्षुल्लक कारणांपायी भले भले हैराण झाले आहेत. परंतु झाकण काढले म्हणजे एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. चाकाच्या नटांपासून बाहेरच्या बाजूस किरणांसारख्या तांबूस गंजाच्या रेघा पसरल्या असतील, तर नट ढिले होऊन चाक आपल्या जागी घासत आहे किंवा भोकांभोवती चाकाची तबकडी तडकली आहे, अशी दाट शंका घ्यावी. अशी गाडी एक फर्लांगही चालवू नये. नट आवळूनही भोके लांबट झाली असतील तर चाक बदलावे. तेथे काटकसर करणे म्हणजे चाक निघून जाण्याची वाट पाहणे होय. ब्रेकवर हलका पाय ठेवताच आवाज थांबत किंवा बदलत असेल, तर ड्रम उघडावा. केवळ वळणावर आवाज होत असेल, तर डिफरन्शियलमधील लहान चक्रे संशयास पात्र ठरतात. मात्र डबा खोलण्यापूर्वी त्यातील तेल स्वच्छ भांड्यात काढून बोटांनी चाचपावे. दाता तुटला असेल, तर त्याचे तुकडे तेलात मिळायला हवेत. बेळगावच्या त्या गाडीचे तेल कोणी पाहिलेच नव्हते.

शेवटी बस आगारातून निवृत्त झालेले एक वृद्ध मिस्त्री घरी आले. त्यांनी गाडीखाली डोकावलेही नाही. जवळच्या मोकळ्या मैदानावर, जेथे किंचित चढ होता, तेथे त्यांनी गाडी नेववली आणि मागच्या टायरवर खडूने एक ठळक रेघ ओढली. मग आजींना म्हणाले, “मावशी, आवाज तुम्हालाच नीट ऐकू येतो. मोजून सांगाल का?”

“मोजायला काय, हातात माळ आहेच की!” आजी म्हणाल्या.

नातवाने पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच धरून, माणसाच्या सावकाश चालीहूनही हळू गाडी चढावर नेली. मिस्त्री चाकाच्या बाजूने चालत होते. खडूची रेघ जमिनीला टेकली की मोठ्याने आकडा म्हणत होते. आत आजी प्रत्येक टक्‌ला जपमाळेचा एक मणी सरकवत होत्या. दहा फेरे होताच गाडी थांबली. माळेची चार दशके पूर्ण होऊन पाचव्यातले पाच मणी झाले होते. दहा फेऱ्यांना पंचेचाळीस. मग गाडी उतारावरून न्यूट्रलमध्ये सोडून पाहिली. आवाज जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे चाके निर्दोष, क्राऊनही निर्दोष. ओढ पडली की बोलणारा, साडेचार पटीने फिरणारा भाग तेवढा दोषी.

यानंतर गाडी सपाट जागी आणून पुढच्या चाकांना दगड लावले आणि मागचा आस जॅकने उचलून भक्कम घोड्यांवर ठेवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे हा जिवाशी खेळ आहे, आणि तो खेळणारे अद्याप कमी झालेले नाहीत. गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक सुटा. मिस्त्रींनी मागच्या क्रॉसच्या अलीकडे एक हात व पलीकडे दुसरा हात धरून उलटसुलट पिळून पाहिले. डिफरन्शियलच्या दात्यांत थोडी मोकळीक असतेच, तिचे भय नसते. परंतु क्रॉसमध्ये डोळ्यांना दिसेल एवढी हालचाल मुळीच चालत नाही. येथे ती स्पष्ट दिसत होती, आणि वाटीच्या कडेला विटेच्या चुऱ्यासारखी तांबडी भुकटी जमली होती. ग्रीस संपून आतल्या सुया गंजल्या की अशी भुकटी बाहेर येते.

असा क्रॉस घेऊन घाट उतरणे किती धोक्याचे, हेही समजून घ्यावे. घाटात गाडी क्षणात इंजिनाच्या ओढीवर असते, क्षणात इंजिनालाच मागे खेचत असते. प्रत्येक पालटाला ढिल्या सांध्यावर हातोड्यासारखा घाव बसतो. मागचा क्रॉस तुटला तर दांड्याचे सुटे टोक गाडीखाली थैमान घालते; पुढचा तुटला तर पुढचे टोक रस्त्यात रुतून गाडी उचलली जाण्याची भीती. आणि दोन्ही प्रसंगी इंजिनाचा लगाम सुटतो, उतारावर केवळ ब्रेक उरतात.

दुरुस्ती मात्र एका सकाळची. दांडा सोडण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर छिन्नीने जुळणाऱ्या खुणा केल्या, कारण तो होता तसाच परत बसला पाहिजे. दांड्याच्या दोन टोकांचे काटे एकाच पातळीत असावे लागतात. असा एकटा सांधा दांड्याला समान गतीने फिरू देत नाही. एका फेऱ्यात दोनदा तो किंचित धावतो, दोनदा रेंगाळतो. पुढच्याने केलेली ही चूक मागच्याने पुसावी, अशी योजना आहे. सरकत्या जोडातील दाते चुकीने बसले की ती योजना मोडते आणि गाडी थरथरू लागते. मग सर्क्लिप काढल्या, लाकडी हातोड्याने काट्यावर ठोके देऊन वाट्या बाहेर आणल्या. जुन्या क्रॉसच्या भुजांवर सुयांनी पाडलेल्या खाचा नखाला लागत होत्या. नव्या वाट्यांत सुया ग्रीसने चिकटवून बसवल्या. येथे घाई नडते. एक सुई जरी तळाशी आडवी पडली, तर वाटी पूर्ण बसत नाही आणि सर्क्लिप खाचेत जात नाही. काही कारागीर ती ठोकून बसवतात, आणि महिन्याभरात तीच टक्‌टक् परत येते. सर्क्लिप चारही बाजूंना ‘टक्’ करून बसल्यावर (हा एक टक् तेवढा शुभ!) सांधा हाताने सहज, कोठेही न अडखळता फिरतो की नाही ते पाहिले, ग्रीस भरले आणि खुणा जुळवून बोल्ट आवळले. पुढचा क्रॉस ठीक होता. तरी त्याचे वय तेच म्हणून तोही बदलून टाकला.

टक्‌टक् थांबली. घूं-घूं मात्र राहिली. पिनियन व क्राऊन वर्षानुवर्षे एकमेकांशी झिजून जुळलेले असतात. त्यांच्या बेअरिंगांमागे पातळ पत्र्याच्या शिम असतात. उघडताना डावी उजवीकडे गेली किंवा जाडी बदलली, की दात्यांची गाठ भलत्याच जागी पडते आणि चक्रे रडू लागतात. ते पुन्हा जुळवायचे तर मापयंत्र, दात्यांना लावायचा रंग आणि दोन दिवसांची सवड हवी. फेस्तापूर्वी ती मिळण्याजोगी नव्हती. तेलात धातूचा कण नाही, बेअरिंगे घट्ट आहेत, एवढी खात्री करून मिस्त्रींनी ते काम परतल्यानंतरवर ठेवले आणि पाचशे किलोमीटर झाल्यावर फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळून घेण्यास बजावले.

२ डिसेंबरला पहाटे गाडी चोर्ल्याच्या रस्त्याला लागली. आजी मागच्या आसनावर होत्या.