दुखणे अंगावर काढू नका
(कासारवाडी येथील महिला मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘स्त्रियांचे आरोग्य’ हा विषय आयोजकांनी मला दिला. विषय फार मोठा आणि वेळ थोडा. म्हणून मी एकच गोष्ट सांगण्यासाठी उभी आहे. बाईने दवाखान्यात दुखू लागल्यावर नव्हे, तर काही दुखत नसतानाच जायला हवे. एवढे एक वाक्य तुम्ही घरी नेलेत, तर माझे येथे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.

मी आयुष्यभर परिचारिकेची नोकरी केली. या नोकरीत एक शब्दप्रयोग मी हजारो वेळा ऐकला. ‘बाई, इतके दिवस का आला नाहीत?’ असे विचारले की उत्तर ठरलेले, ‘अंगावर काढलं.’ ताप अंगावर काढला, रक्तस्राव अंगावर काढला, छातीतली गाठ अंगावर काढली. जणू आपले अंग हे दुखणी ठेवायचे गाठोडेच आहे.

दुसऱ्यांचे कशाला, माझ्याच घरचे सांगते. माझ्या सासूबाईंची पाळी जाऊन सात-आठ वर्षे झाली होती आणि तरीही त्यांना अंगावर डाग दिसत होते. घरात सून नर्स. पण सुनेला असले कसे सांगायचे, म्हणून त्या बोलल्या नाहीत. आणि मीही विचारले नाही. कंबर धरली, जेवण तुटले, तेव्हा तपासणी झाली. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग पुढच्या टप्प्याला गेलेला होता. वर्षभरात त्या गेल्या. दवाखान्यात रोज पन्नास बायकांना ‘पाळी कशी आहे, पांढरे जाते का’ असे विचारणारी मी, घरातल्या बाईला एकदाही विचारू शकले नाही. ही माझी चूक मी आज सर्वांसमोर सांगते, कारण ती तुमच्या घरी होऊ नये.

हे केवळ माझ्या घरातले नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगातले डॉक्टर चकित झाले. शंभरातील ब्याण्णव स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार होता. मात्र पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात फक्त आठ होत्या. म्हणजे आजार घरोघरी होता, पण त्याला वाचा नव्हती.

ही वाचा का नाही? लाज हे एक कारण. पैसा हे दुसरे. तिसरे कारण मात्र आपल्या मनात खोल बसलेले आहे. ‘बाई म्हणजे त्याग’ असे आपण शिकत आलो. माता रमाईंच्या कष्टांची आठवण काढताना आपले डोळे भरून येतात. चार लेकरांचा मृत्यू त्यांनी पाहिला, दीर्घ आजार सोसला आणि २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यासमोर आपण नतमस्तक होतोच. परंतु रमाईंच्या वाट्याला जे आले ते गरिबीमुळे आणि त्या काळातील उपचारांच्या अभावामुळे आले. ते आपल्या मुली-सुनांच्या वाट्याला येऊ न देणे हीच त्यांना खरी आदरांजली होय. आजार लपविण्याला त्याग म्हणू नये.

आता त्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाकडे वळू, कारण वेळेवर तपासणी म्हणजे काय हे त्यावरून नीट कळते. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे हा रोग होतो. शरीरसंबंधातून हा विषाणू इतका सर्रास पसरतो की, तो झाला म्हणून कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याचे कारण नाही. बहुतेक जणींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींमध्ये मात्र तो ठाण मांडतो, आणि मग पेशी बिघडत बिघडत कर्करोग व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षे लागतात. या सगळ्या काळात काहीही दुखत नाही! म्हणून दुखण्याची वाट पाहणारी बाई नेमका उपचाराचा काळ गमावते, आणि तपासून घेणारी बाई कर्करोग होण्याआधीच बरी होते.

याचा पुरावा परदेशातून आणावा लागत नाही. तो आपल्या मराठवाड्यात आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय त्यात सहभागी होते. ३० ते ५९ वयाच्या सुमारे एक लाख एकतीस हजार स्त्रिया त्यात होत्या आणि गावांचे चार गट केले होते. तीन गटांत तपासणीच्या तीन वेगवेगळ्या पद्धती वापरल्या. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा होती. आठ वर्षांनी हिशेब मांडला. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात ३४ स्त्रिया या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात ६४ दगावल्या, आणि तो गट संख्येने थोडा लहानच होता. ज्यांच्या तपासणीत विषाणू आढळला नाही, त्यांच्यापैकी त्या आठ वर्षांत या रोगाने एकही दगावली नाही. २००९ साली हे जगासमोर आले.

त्या चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, यावर पुढे वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण भगिनींनो, मला वाटते, त्या ६४ जणींचे ऋण आपल्यावर आहे. त्या शेतावर राबणाऱ्या, आपल्यासारख्याच बाया होत्या. त्यांच्या मरणातून जे ज्ञान मिळाले, ते वापरायचे नाही, हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल.

कोणी म्हणेल, ‘एवढी महागडी तपासणी गरिबाला कशी परवडायची?’ टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत याचे उत्तर शोधले. काही आठवडे प्रशिक्षण दिलेल्या, डॉक्टर नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात बुडवलेला कापूस गर्भाशयाच्या मुखाला लावला आणि मिनिटभर थांबून पाहिले. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. एवढ्या साध्या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ एक-तृतीयांशाने घटले. तपासणीला पाच मिनिटे लागतात, भूल नाही, कापाकापी नाही. असे असूनही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींनी ही तपासणी कधी तरी केलेली होती.

तपासणी जिथे पोहोचत नाही, तिथे भीती विकली जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ साली पाहणी झाली. ८२,३०९ पैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. पांढरे जाते, पोटात दुखते एवढ्यावरून कित्येकींना कर्करोगाची भीती घातली गेली. कामाचा खाडा परवडत नाही, म्हणून कित्येकींनी पिशवीच काढून टाकली. तेव्हा लक्षात ठेवा, कोणी ‘पिशवी काढा’ म्हणाले की आधी तपासणीचा कागद मागा आणि दुसऱ्या डॉक्टरांना, शक्यतो सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात, दाखवा.

आता वयाप्रमाणे काय करावे ते थोडक्यात सांगते. विद्यार्थिनींनी वहीत टिपून घ्यावे.

दहा ते एकोणीस वर्षे : या वयातील मुख्य शत्रू म्हणजे रक्त कमी असणे. २०१९-२१ च्या पाहणीत आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातील सत्तावन्न स्त्रियांना रक्तक्षय होता. मुलीला दम लागतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि आपण तिला आळशी म्हणतो. शाळेत मिळणारी लोहाची गोळी फेकू नका. बाजरी, मटकी, पालेभाजी, आणि घरात चालत असेल तर कलेजी, सुकट मुलीच्या ताटातही मुलाइतकेच वाढा. जेवणावर लिंबू पिळा, पण जेवणाला लागून चहा घेऊ नका. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. एचपीव्हीची लस नऊ ते चौदा या वयात सर्वांत उपयोगी पडते. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या अशा लशीला २०२२ साली परवानगी मिळाली. तिच्याबद्दल आपल्या दवाखान्यात अवश्य विचारा.

वीस ते तीस वर्षे : दिवस राहिल्याचे कळताच पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवा. रक्तदाब, रक्त, लघवी, साखर तपासून घ्या. बाळंतपण रुग्णालयातच व्हावे. दोन मुलांत अंतर ठेवण्याची जबाबदारी एकट्या बाईची नाही. पुरुषांची नसबंदी स्त्रियांच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची असते, हे बंधूंनी ऐकून ठेवावे.

तीस वर्षांनंतर : शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीची रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख अशी पाच गोष्टींची तपासणी व्हायला हवी. मशेरी लावणाऱ्या बायांनी तोंडाची तपासणी तर चुकवूच नये. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. दात घासायची म्हणून ती औषध होत नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, स्तनात न दुखणारी गाठ, बोंडातून रक्त, यांपैकी काही दिसले तर त्याच आठवड्यात दाखवा. गाठ दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी, हा समज घातक आहे.

पंचेचाळीसनंतर : पाळी जाताना घाम, चिडचिड, झोप न लागणे हे होते. घरच्यांनी ते समजून घ्यावे. परंतु पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तरी तो परत आलेला ‘विटाळ’ नव्हे. तो तपासणीचा निरोप आहे. माझ्या सासूबाईंना हा निरोप मिळाला होता, तो वाचणारे कोणी नव्हते.

साठीनंतर : हाडे ठिसूळ होतात, म्हणून रोज चालणे, थोडे ऊन, दूध किंवा नाचणी. डोळ्यांतला मोतिबिंदू, पडून हाड मोडणे आणि एकटेपणा, तिन्ही गोष्टींना उपाय आहेत. आजीशी रोज चार शब्द बोलणे यालाही मी आरोग्यसेवाच म्हणते.

आपली कासारवाडी कारखान्यांच्या शेजारी वसली. इथल्या बाया भोसरीच्या एमआयडीसीत उभ्याने काम करतात, चाकणला बसने जातात, घरकामाला सोसायट्यांत जातात. स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत; त्यांना मूत्रमार्गाचे विकार होतात. हा त्यांच्या सवयीचा दोष नव्हे, तो कामाच्या जागेचा दोष आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रीच्या बाळंतपणातील विश्रांतीसाठी आणि भत्त्यासाठी भाषण केले. आईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचेच हित आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली तो कायदा झाला. २०१७ साली प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली. तेव्हा आरोग्य हे मालकाचे उपकार नव्हेत, तो हक्क आहे. कंत्राटी कामगार असलात तरी ई.एस.आय.चे कार्ड मागा.

शेवटी संस्थेला माझी एक विनंती आहे. शिबिर भरवून फोटो काढणे सोपे आहे. त्याने वर्षभराचे काम होत नाही. आपण एक वही घालावी. गल्लीतील तिशीपुढच्या प्रत्येक भगिनीचे नाव, आणि पुढे पाच तपासण्यांची तारीख. विद्यार्थिनींनी ती वही भरावी. दहा-दहा जणींनी मिळून महापालिकेच्या दवाखान्यात किंवा पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात जावे. एकटीला वाटणारी लाज दहा जणींत वाटत नाही. त्या दिवशी स्वयंपाक आणि मुले बंधूंनी सांभाळावीत. वर्षावासात आपण विहारात रोज ग्रंथवाचनाला जमतो, त्यातली एक संध्याकाळ या वहीसाठी द्यावी.

आणि आज घरी गेल्यावर प्रत्येकीने एक करावे. आपल्या आईला, सासूला, जावेला, मुलीला बाजूला घेऊन विचारावे, ‘तुझी तब्येत खरंच बरी आहे ना?’ पहिले उत्तर ‘मला काय झालंय?’ असे येईल. तेवढ्यावर उठू नका. थोडे थांबून पुन्हा विचारा. मी ते विचारले नव्हते.