मनगटावरचे घड्याळ : थोडे विज्ञान, थोडा सिनेमा

(विद्यार्थ्यांच्या विज्ञान मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विज्ञानावर काहीतरी बोला, असे मला सांगण्यात आले आणि विषयाची निवड माझ्यावर सोपविण्यात आली. अशा वेळी वक्ते सहसा अणुशक्ती किंवा अवकाशयान निवडतात. विषय भव्य असला म्हणजे भाषणही भव्य वाटते. मी शास्त्रज्ञ नाही. यंत्रांची हौस असलेला, हाताला लागेल ते उघडून पाहणारा एक माणूस आहे. म्हणून आपल्यापुढे मी एक अगदी क्षुल्लक वस्तू घेऊन आलो आहे. आकडे दाखविणारे हे साधे घड्याळ. डिजिटल घड्याळ म्हणतात ते हेच. रस्त्यावरच्या गाडीवर ते शे-दोनशे रुपयांतही मिळते.

हे घड्याळ तुम्ही पहिल्यांदा कोठे पाहिले, असे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. कोकणातल्या पुष्कळ घरांत उत्तर एकच मिळेल. गावातला कोणीतरी दुबईहून किंवा कुवेतहून सुट्टीवर आला होता, त्याच्या हातात होते. १९७५ ते १९८५ च्या सुमाराची ही गोष्ट. बॅगेत टू-इन-वन, अत्तराच्या बाटल्या, ब्लँकेट आणि मनगटावर हे. बटण दाबले की आत दिवा लागतो, दर तासाला टुक् असा आवाज होतो. पोरे त्याच्या मागे मागे फिरत. तोपर्यंत आपल्याकडे घड्याळ म्हणजे एच. एम. टी. बंगळूरच्या या सरकारी कारखान्यात जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ पासून मनगटी घड्याळे होऊ लागली. मॅट्रिक झालेल्या मुलाला किंवा नव्या जावयाला तेच मिळे, आणि रोज सकाळी त्याला चावी देणे हा घरातल्या शिस्तीचा एक भाग असे.

गंमत अशी की मनगटावरचे हे चमत्कारिक यंत्र कारखान्यात येण्यापूर्वी गोष्टीत आले होते. डिक ट्रेसी नावाचा गुप्तहेर अमेरिकन वर्तमानपत्रांतल्या एका चित्रमालिकेचा नायक होता. १९४६ साली चित्रकार चेस्टर गूल्ड यांनी त्याच्या मनगटावर बोलता-ऐकता येईल असा रेडिओ बांधला. आता कोणी म्हणेल, पाहा, कलावंताला भविष्य दिसले! पण गूल्ड यांनी त्याआधी अल ग्रॉस या संशोधकाची छोटी बिनतारी यंत्रे पाहिली होती. म्हणजे गोष्टीने कार्यशाळेकडून उसने घेतले. पुढे ती उसनवारी फिटली. ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या फोनने पहिले संभाषण करणारे मार्टिन कूपर यांनी लहानपणच्या ह्याच डिक ट्रेसीच्या मनगटी रेडिओची आठवण सांगितली आहे.

आपल्या घड्याळाचेही तसेच झाले. स्टॅन्ली कूब्रिक यांचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ हा चित्रपट १९६८ साली आला. त्यासाठी भविष्यकाळाला शोभेल असे घड्याळ त्यांनी अमेरिकेच्या हॅमिल्टन कंपनीकडून बनवून घेतले. चित्रपटापुरते खोटे घड्याळ करता करता कंपनीतल्या मंडळींच्या डोक्यात किडा शिरला की हे खरे का करू नये? १९७२ च्या एप्रिलमध्ये ‘पल्सर’ विक्रीला आले. काटे नाहीत, चक्रे नाहीत, काळ्या काचेत लाल आकडे. सोन्याच्या त्या घड्याळाची किंमत २,१०० डॉलर होती. तेवढ्या पैशांत त्या काळी अमेरिकेत एक छोटी नवी मोटार येत असे. पुढच्याच वर्षी जेम्स बाँडच्या ‘लिव्ह अँड लेट डाय’ या चित्रपटात रॉजर मूर ते घालून पडद्यावर आले. आणखी काय जाहिरात पाहिजे?

परंतु ह्या राजेशाही घड्याळात एक मोठी अडचण होती. त्याचे लाल दिवे इतकी वीज खात की ते सतत पेटते ठेवणे परवडत नसे. बटण दाबावे, तेव्हा क्षणभर वेळ दिसावी, आणि पुन्हा अंधार. म्हणजे वेळ पाहायला दुसरा हात लागणार! एका हाताने बसचा दांडा धरलेल्या माणसाने काय करावे? बाँडला ही अडचण येत नाही, कारण बाँड बसमध्ये लोंबकळत नाही. १९७६ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने तसलेच प्लॅस्टिकचे घड्याळ २० डॉलरला विकले, त्यानंतर १० डॉलरला. चार-पाच वर्षांत राजाचा दागिना खेळण्याच्या भावात आला, आणि लाल आकड्यांचा जमानाही लवकरच संपला.

मनगटाची ही जादू हिंदी सिनेमालाही सुटलेली नाही. १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’त नायक मनगटावरच्या यंत्राने अदृश्य होतो आणि फक्त लाल प्रकाशात दिसतो. तो चित्रपट मला अजूनही आवडतो. परंतु घरी जाताना एका प्रश्नाचा विचार करा. जो खरोखर पारदर्शक झाला, त्याच्या डोळ्यांतून प्रकाश आरपार जाईल, पडद्यावर थांबणारच नाही. मग त्याला स्वतःला दिसणार कसे? खलनायकाच्या अड्ड्यात तो बिचारा ठेचकाळत फिरला असता.

लाल दिव्यांची जागा घेतली ती राखाडी पार्श्वभूमीवरच्या काळ्या आकड्यांनी. यात काहीही पेटत नाही. दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा पातळ थर असतो. विजेचा किंचित दाब दिला की तेथून येणारा प्रकाश अडतो, आणि अडलेला प्रकाश म्हणजेच आपल्याला दिसणारा काळा आकडा. अडवायला वीज जवळजवळ लागतच नाही. १९८९ साली आलेले कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हे घड्याळ एका सेलवर सुमारे सात वर्षे चालते आणि ते अजूनही दुकानांत मिळते. या द्रवस्फटिकाचा शोध लागला १८८८ साली, प्राग शहरात. फ्रीडरिश राइनिट्झर हे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या एका पदार्थावर काम करीत होते. त्यापासून केलेले संयुग तापविले तर ते दोनदा वितळल्यासारखे वागे. आधी १४५ अंशांच्या सुमारास गढूळ द्रव, नंतर १७८ अंशांच्या सुमारास एकदम नितळ. याचा घड्याळाशी काय संबंध, हे त्यांना कोणी विचारले असते तर त्यांनी विचारणाऱ्याचीच नाडी पाहिली असती. पुढची ऐंशी वर्षे कोणाला त्याचा फारसा उपयोगही सापडला नाही.

आता घड्याळाच्या खऱ्या जिवाकडे येतो. आकडे हा नुसता चेहरा. चावीच्या घड्याळात एक लहान चाक केसासारख्या स्प्रिंगच्या जोरावर मागेपुढे डोलते, बहुधा सेकंदाला पाच ठोके. तीच त्याची टिकटिक. डिजिटल घड्याळात त्या चाकाच्या जागी क्वार्ट्‌झचा, म्हणजे गारेच्या स्फटिकाचा, काही मिलिमीटर लांबीचा तुकडा असतो. त्याचा आकार संगीत शिक्षकाच्या टेबलावर असतो तशा दोन पायांच्या चिमट्याचा. १८८० साली पिएर आणि जॅक क्यूरी या भावांनी दाखवून दिले की असे स्फटिक दाबले की त्यांच्यावर वीज निर्माण होते. उलटही खरे आहे. वीज दिली की स्फटिक हलतो. सेलच्या जोरावर आपला हा चिमटा सेकंदाला बरोबर ३२,७६८ वेळा थरथरतो.

हा आकडा एवढा विचित्र का? सरळ तीस हजार का नाही? बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि शेवटी राजाची कोठारे रिकामी. तीच गोष्ट येथे उलट चालते. ३२,७६८ चे निम्मे १६,३८४. त्याचे निम्मे ८,१९२. असे निम्मे करीत जा, पंधराव्या वेळी हातात उरतो नेमका १. घड्याळातल्या चिपमध्ये पंधरा फाटके एकापुढे एक उभी आहेत असे समजा. प्रत्येक फाटक दोन कंपने आत घेते आणि एकच पुढे सोडते. शेवटच्या फाटकातून सेकंदाला एक ठोका बाहेर पडतो. दोनाने भागणे हे विजेच्या मंडलाला सर्वांत सोपे, म्हणून स्फटिकच त्या मापाचा घडवतात. शिवाय एवढी कंपने माणसाच्या कानाला ऐकू येत नाहीत, नाहीतर मनगटावर रात्रंदिवस शिट्टी वाजत राहिली असती. हेच ३२,७६८ आज तुमच्या काट्यांच्या क्वार्ट्‌झ घड्याळात, भिंतीवरच्या घड्याळात, संगणकात आणि खिशातल्या मोबाइल फोनमध्येही थरथरत आहे. फोन बंद करून पुन्हा चालू केला तरी त्याला वेळ ठाऊक असते, ती ह्याच्या जिवावर.

या कंपनांनी एका देशाचा एक प्रमुख धंदा मोडकळीस आणला, हे मात्र मुलांना सहसा सांगितले जात नाही. १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये घड्याळांच्या धंद्यात सुमारे ९० हजार माणसे होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती तीस हजारांच्या आसपास उरली. जपानच्या सायको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी ‘ॲस्ट्रॉन’ हे क्वार्ट्‌झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले. किंमत साडेचार लाख येन. त्याचा स्फटिक सेकंदाला ८,१९२ वेळा कंप पावत असे. स्विस लोक झोपले होते, असे यावर नेहमी म्हटले जाते. मला हा ठपका अन्यायाचा वाटतो. न्यूशातेल येथील त्यांच्या प्रयोगशाळेत क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळाचा नमुना १९६७ सालीच तयार होता! ज्ञान घरात होते. पण पिढ्यान्‌पिढ्या भिंग लावून चक्रे बसविणाऱ्या कारागिराला, बाबा रे, तुझ्या हातातले काम आता जाणार आहे, तू दुसरे काही शीक, असे सांगणारे कोण होते? खबर वरच्या मजल्यावर होती आणि नोकऱ्या खालच्या मजल्यावरच्या गेल्या. पुढे १९८३ मध्ये ‘स्वॉच’ आले. नेहमीच्या नव्वदाहून अधिक भागांऐवजी अवघ्या ५१ भागांचे, प्लॅस्टिकचे, रंगीबेरंगी. त्याने धंदा सावरला. गेलेली सगळी माणसे मात्र परत आली नाहीत.

आपल्या बाजारपेठेतल्या घड्याळजीचेही असेच झाले. काचेची छोटी पेटी, तिच्यामागे डोळ्याला भिंग लावून वाकलेला माणूस, हातात चिमटा. चक्राचा एक दात झिजला तरी तो आवाजावरून ओळखीत असे. क्वार्ट्‌झ घड्याळात त्याला दुरुस्त करण्यासारखे फार थोडे उरले. सेल बदलायचा, पट्टा बदलायचा, नाहीतर आतले सगळे यंत्र काढून नवे बसवायचे. ज्यांनी विजेचे मंडल समजून घेतले त्यांतले काहीजण रेडिओ-टेपकडे वळले आणि आज त्यांची मुले मोबाइलची दुकाने चालवितात. बाकीच्यांच्या पेट्या उठल्या. एच. एम. टी.चा घड्याळांचा विभागही २०१६ मध्ये बंद झाला. या लोकांचे कसब कमी नव्हते, हे मी आग्रहाने सांगतो. तुमच्यापैकी जे मोबाइल दुरुस्तीचा कोर्स करीत आहेत, त्यांनी मास्तरांना एवढेच विचारावे की हा भाग काढून तो बसवा हे समजले, पण तो काढलेला भाग करीत काय होता?

भाषण पुष्कळ झाले. आता एक प्रयोग सांगतो, तो घरी करता येईल. क्वार्ट्‌झचा हा चिमटा साधारण २५ अंश सेल्सियस तपमानाला सर्वांत जलद थरथरतो. त्याहून उष्ण झाले तरी घड्याळ मागे पडते आणि थंड झाले तरीही मागेच पडते. दहा अंश दूर गेलात तर दिवसाला साधारण ०.३ सेकंद. वीस अंश दूर गेलात तर दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे दिवसाला सुमारे १.२ सेकंद. मनगटावर बांधलेले घड्याळ या २५ च्या जवळपास राहते, म्हणून ते इतके बरे चालते. कोकणच्या उन्हाळ्यात फरक दिसणार नाही, तेवढी उष्णता आपल्याकडे नाही. चंद्रपूरला मामा असेल तर मे महिन्यात करून पाहा. आपल्यासाठी फ्रीज बरा. आतले तपमान पाच अंशांच्या आसपास, म्हणजे २५ पासून बरोबर वीस अंश दूर.

प्रत्येक घड्याळाची स्वतःची थोडी चूक असतेच. म्हणून पहिले दहा दिवस ते मनगटावर ठेवा आणि मोबाइलवर नेटवर्कने आपोआप जुळणाऱ्या वेळेशी सेकंद ताडून पाहा. रोज एकाच वेळी पाहावे आणि वहीत लिहावे. पुढचे दहा दिवस घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. रोज बाहेर काढून झटपट वाचायचे आणि परत ठेवायचे. डबा ओला राहू देऊ नका, घड्याळात पाणी शिरेल. पहिल्या दहा दिवसांच्या मानाने ते आणखी दहा-बारा सेकंद मागे पडले पाहिजे. पडले नाही तर अधिकच चांगले, कारण मग कारण शोधावे लागेल. घरात आधी सांगून ठेवा, नाहीतर कोथिंबिरीशेजारी घड्याळ सापडल्यावर होणाऱ्या परिणामांस मी जबाबदार नाही. वह्या आपल्या विज्ञान शिक्षकांकडे द्याव्यात. सगळ्यांचे आकडे एका फळ्यावर मांडण्याचे त्यांनी मान्य केले आहे.