घरची शुश्रूषा आणि सरकारी तिजोरी



'शुश्रूषा' हा शब्द आपण आजाऱ्याच्या सेवेला लावतो. त्याचा मूळ संस्कृत अर्थ मात्र 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. ज्याला दुसऱ्याचे ऐकावेसे वाटते तोच त्याची सेवा करू शकतो, असे या शब्दाला नवा अर्थ देणाऱ्यांच्या मनात असावे. ही शुश्रूषा आपल्या घराघरांतून आजही अखंड चालू आहे. परंतु जी व्यक्ती ती करते तिचे ऐकण्याची इच्छा समाजाला आणि शासनाला कितपत आहे, या प्रश्नाचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले आजोबा, स्मृती हरपलेली वृद्धा, जन्मापासून उठता-बसता न येणारा आणि आता वयात आलेला मुलगा, अशी माणसे ज्या घरात आहेत तेथील दिवस कसा जातो ते पाहा. दर दोन-तीन तासांनी कूस पालटावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. अंग पुसावे लागते, भांडे द्यावे लागते, भरवलेला घास श्वासनलिकेत जाणार नाही याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे लागते. रुग्णालयात हेच काम तीन पाळ्यांत वाटलेले असते. घरात तिन्ही पाळ्या एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतात, आणि ती व्यक्ती बहुधा पत्नी, आई, सून किंवा मुलगी असते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये लोकांचा वेळ कसा खर्च होतो याची देशव्यापी पाहणी केली. घरातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्या कामाला दिवसाकाठी सरासरी १३४ मिनिटे देतात, आणि पुरुष ७६ मिनिटे देतात, असे तीत दिसून आले. मुलांचे संगोपनही या आकड्यांत धरलेले आहे, हे खरे. तथापि भार कोणाच्या खांद्यावर आहे हे त्यांवरून पुरेसे स्पष्ट होते.

२०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख आणि दिव्यांगांची २ कोटी ६८ लाख भरली. यांतील पुष्कळ जण स्वावलंबी आहेत. सर्वांनाच परक्या हाताची गरज आहे असे मुळीच नाही. पण ज्यांना आहे त्यांच्यासाठी सरकारी तिजोरीतून काय येते?

दारिद्र्यरेषेखालील वृद्धाला केंद्राच्या योजनेतून ८० व्या वर्षापर्यंत महिना २०० रुपये आणि त्यानंतर ५०० रुपये निवृत्तिवेतन ठरलेले आहे. ८० टक्के अपंगत्व असलेल्या गरीब व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा २०१२ मध्ये ३०० रुपये ठरला. त्यात राज्ये आपापली भर घालतात. कोठे ती बरी असते, कोठे नाममात्र. शिवाय ही भर त्या त्या राज्याच्या रहिवाशांपुरती असते. सोलापूरची वृद्धा मुलाबरोबर बडोद्यास किंवा हैदराबादेस राहावयास गेली, तर पाय घसरून पडण्याचा धोका तिच्यासोबत जातो, राज्याचे अनुदान मात्र मागे राहते.

२०२४ च्या ऑक्टोबरात ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत घेतले गेले. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे हे संरक्षण आहे आणि त्याचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु ते मुख्यतः रुग्णालयातील खाटेसाठी आहे. रुग्ण घरी परतला, आणि पुढची सात वर्षे घरच्या खाटेवर पडून राहिला, तर तेथे या योजनेचा हात पोचत नाही.

कायदे पाहिले तर आणखी एक विसंगती दिसते. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचे पालनपोषण हे मुलांचे कर्तव्य ठरविले, आणि वृद्धांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद केली. हे योग्यच झाले. परंतु जो मुलगा किंवा जी सून कर्तव्यात तसूभरही चुकली नाही, तिच्या मदतीसाठी त्या कायद्यात भत्ता नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एक पाऊल पुढे टाकले. ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ता देता येईल, असे त्याच्या चोविसाव्या कलमात लिहिलेले आहे. मात्र शासनाने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत योजना कराव्यात, असे बंधनही तेथेच आहे. त्यामुळे भत्त्याचा शब्द कायद्यात आला, तरी बहुसंख्य घरांत अजून रुपया आलेला नाही.

यावर आक्षेप असा घेतला जातो की, मायेच्या कामाला पैशाचा वास कशाला लावावा? हा आक्षेप घेणारे सहसा खाटेजवळ रात्र जागवणारे नसतात. भत्ता ही मायेची किंमत नव्हे. त्यातून हवेची गादी येते, दुपारी दोन तास आया ठेवता येते, आणि शुश्रूषेसाठी सोडलेल्या मजुरीचा थोडासा तरी भाग भरून निघतो.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. रोख पैसे द्यावेत, की सेवा द्यावी? जर्मनीने १९९५ मध्ये शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा सुरू केला आणि ही निवड कुटुंबावर सोपविली. घरी परिचारिका येऊ द्या, नाहीतर त्याहून कमी अशी रोख रक्कम घ्या, किंवा दोहोंचा मेळ घाला. केवळ रोख रक्कम घेणाऱ्यांकडे ठराविक काळाने सल्लागार जातो आणि रुग्णाची आबाळ तर होत नाही ना, हे पाहतो. नियमितपणे सेवा करणाऱ्या नातलगाच्या निवृत्तिवेतनाची वर्गणीही विम्यातून भरली जाते. जपानने २००० मध्ये निराळा मार्ग धरला. तेथे ४० व्या वर्षापासून वर्गणी द्यावी लागते, निम्मा खर्च करांतून येतो, परंतु नातलगांना रोख भत्ता नाही. मिळते ती सेवा. यामागे तेथील स्त्रियांच्या संघटनांचा आग्रह होता. चार पैसे हाती ठेवले की सून कायमची खाटेशी जखडली जाईल, अशी भीती त्यांना वाटत होती. आपल्याकडील सुनांना ही भीती समजावून सांगण्याची गरज नाही.

आपला देश जर्मनी किंवा जपानइतका श्रीमंत नाही, हे मान्य. म्हणून केरळचे उदाहरण मोलाचे वाटते. कोझिकोडे येथे १९९३ मध्ये वेदनाशामक सेवेचे काम उभे राहिले, शेजारपाजारचे स्वयंसेवक त्यात आले, आणि २००८ मध्ये राज्याने त्याविषयी धोरण जाहीर केले. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पैशातून प्रशिक्षित परिचारिका अंथरुणावरील रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. लघवीची नळी बदलणे, जखम धुणे, घरच्यांना उचलण्याची रीत शिकविणे, अशी ही कामे आहेत. अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्या नातलगांसाठी तेथे महिना ६०० रुपयांची निराळी योजनाही निघाली. रक्कम लहान आहे. परंतु सेवा करणारी व्यक्ती शासनाच्या कागदावर आली, ही गोष्ट लहान नाही.

यावरून आपल्यापुरता मार्ग असा दिसतो. प्रथम घरी येणारी परिचारिका, मग माफक भत्ता, आणि त्याबरोबर वर्षातून काही दिवसांचा विसावा, म्हणजे तेवढे दिवस रुग्णाची जबाबदारी दुसऱ्याने घ्यावी. नुसत्या भत्त्याने सून खाटेशी बांधली जाईल. आणि नुसत्या सेवेने, जेथे परिचारिका पोचतच नाही अशा वाड्यावस्त्या कोरड्या राहतील. दोहोंची सांगड घालावी लागेल.

यासाठी दिल्लीच्या निर्णयाचीच वाट पाहावी असे नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या संस्थांनी आपल्या निधीतील ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा दंडक आहे. त्यातून आपल्या गावात किती रुग्णांच्या घरी परिचारिका गेली, हे ग्रामसभेत उभे राहून विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. जी रात्रभर जागी असते तिला सभेस येण्यास सवड नसते. तिच्या वतीने हा प्रश्न तिच्या शेजाऱ्यांनी विचारावयास हवा.